सकाळच्या घाईतला डोळ्यांचा मेकअप : नवशिक्यांसाठी रोजची रीत

सकाळी डोळ्यांच्या मेकअपला जो वेळ लागतो, त्यातला फार थोडा भाग प्रत्यक्ष लावण्यात जातो आणि उरलेला सगळा पुसण्यात. उजव्या डोळ्यावरची रेघ जरा जाड झाली म्हणून डावीही तेवढीच जाड करायची, मग दोन्ही जास्त वाटतात म्हणून पुसायच्या, पुसताना पापणी चोळली जाऊन लाल होते, त्या ओलसर त्वचेवर रंग पुन्हा नीट बसत नाही, आणि तोवर गॅसवरचे दूध उतू जायला आलेले असते. माझी भाची नोकरीला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने हा सगळा प्रकार रोज केला आणि शेवटी ‘मावशी, मला हे जमत नाही’ म्हणून सोडून दिला. तिच्या हातात दोष नव्हता. तिने शिकायला घेतलेली रीत लग्नसमारंभाची होती, आणि तिला हवी होती ती ठाण्याहून सव्वासातची लोकल पकडण्यापूर्वीची.

ती रोजची रीत येथे सविस्तर सांगते. वस्तू अशा निवडायच्या आणि क्रम असा ठेवायचा की हात थोडा चुकला तरी पुसावे लागू नये, बोटाने किंवा ब्रशने जरा पसरवले की भागावे, एवढाच तिचा आधार आहे. सुरुवातीला दहा-बारा मिनिटे लागतील. दोन आठवड्यांच्या सरावानंतर पाच ते सात मिनिटांत होते.

आधी एका शब्दाचा खुलासा करते. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळा झाकणाऱ्या त्वचेलाही वापरतात आणि तिच्या कडेच्या केसांनाही. या लेखात पापणी म्हणजे त्वचा, आणि केसांना ‘पापणीचे केस’ असेच म्हटले आहे, कारण कोणती वस्तू नेमकी कोठे लावायची यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

सामान

रोजच्या वापराला चार वस्तू पुरतात : चमक नसलेल्या तपकिरी रंगाची एक आयशॅडो (पापणीवर लावायची रंगीत पावडर), रेघेसाठी गडद तपकिरी किंवा काळी जेल पेन्सिल, मस्कारा (पापणीच्या केसांना लावायचा रंग) आणि भुवयांसाठी गडद तपकिरी पेन्सिल. त्यांच्या जोडीला एक छोटा मऊ, फुगीर ब्रश, एक तिरक्या कापाचा चपटा ब्रश, भुवया विंचरण्याचा बारीक ब्रश, थोडी कॉम्पॅक्ट किंवा पारदर्शक पावडर, टिश्यू आणि कापसाचे इअरबड हवेत. आयलॅश कर्लर, म्हणजे पापणीचे केस वळवणारा चिमटा, असला तर उत्तम, पण पहिल्या महिन्यात त्याच्यावाचून अडत नाही. बारा-अठरा रंगांची पॅलेट घेण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो आणि तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण सकाळी सहा वाजता ‘आज कोणता रंग?’ हा प्रश्नच पडायला नको. आयशॅडोची छटा आपल्या त्वचेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद असावी. गव्हाळ वर्णाला मध्यम तपकिरी आणि सावळ्या वर्णाला चॉकलेटी किंवा विटकरीकडे झुकणारी तपकिरी छटा शोभते. फिकट बेज रंग सावळ्या पापणीवर राखेसारखा दिसतो.

द्रव आयलायनर या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो सुंदर दिसतो हे खरे, पण तो काही क्षणांत सुकतो आणि सुकल्यावर चूक दुरुस्त करायची तर पुसण्यावाचून मार्ग उरत नाही. जेल पेन्सिलीचे तसे नाही. तिच्यातले मेण आणि सिलिकोन बसायला साधारण अर्धा मिनिट लागते, आणि तेवढ्या अवधीत रेघ हवी तशी पसरवता येते. लॅक्मे, मेबलिन, कलरबार, शुगर अशा अनेक कंपन्यांच्या फिरवून वर येणाऱ्या पेन्सिली आपल्याकडे सहज मिळतात आणि त्यांपैकी कोणतीही शिकायला चालते. वस्तू कोणाचीही घ्या, पण वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत छापलेली असल्याशिवाय डोळ्यांजवळची कोणतीही वस्तू घेऊ नये. स्टेशनबाहेरच्या पथारीवर नामांकित कंपनीचा मस्कारा निम्म्या किमतीत मिळत असेल, तर तो त्या कंपनीचा असण्याची शक्यता कमीच असते.

नवी वस्तू आणल्यावर ती कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस पाहावे. खाज सुटली किंवा पुरळ उठले तर ती डोळ्यांना लावू नये. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते, आणि हाताला जे सोसते ते तिला सोसेलच असे नाही.

उजेड आणि आरसा

न्हाणीघरातल्या आरशासमोर, डोक्यावरच्या दिव्याखाली मेकअप केला की डोळ्यांवर भुवयांची सावली पडते आणि आपण नकळत जास्त रंग लावतो. खिडकीकडे तोंड करून बसावे, म्हणजे दोन्ही डोळ्यांवर सारखा उजेड येतो. हिवाळ्यात किंवा भल्या पहाटे निघावे लागणाऱ्यांनी पांढऱ्या प्रकाशाचा दिवा चेहऱ्यासमोर ठेवावा.

आरसा हातात मावेल एवढा असावा आणि तो हनुवटीच्या पातळीवर, टेबलावर टेकवून ठेवावा. मान किंचित वर करून खाली आरशात पाहिले की पापणी आपोआप ताणली जाते आणि डोळा उघडाही राहतो, त्यामुळे बोटाने कातडी ओढावी लागत नाही. ओढलेल्या पापणीवर सरळ दिसणारी रेघ बोट सोडल्यावर सुरकुतते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. हात थरथरतो अशी तक्रार करणाऱ्यांनी कोपर टेबलावर आणि करंगळी गालावर टेकवावी. निम्मी थरथर तेथेच थांबते.

पापणी कोरडी करणे

या पायरीला मी सर्वांत जास्त महत्त्व देते, आणि नवशिक्या सर्वांत जास्त वेळा हीच पायरी गाळतात. दुपारी दोन वाजता डोळ्यांखाली काळे का होते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सकाळी साडेसहाच्या क्रीममध्ये असते. काजळ, पेन्सिल आणि साधा मस्कारा या तिन्हींमध्ये मेण व तेल असते, आणि तेल तेलात विरघळते. चेहऱ्याला लावलेले मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पापणीवर ओले असताना त्यावर पेन्सिल फिरवली, तर ती रेघ दिवसभर सरकत राहणारच. त्यात मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीची दमट हवा असेल तर घाम आणि त्वचेचे स्वतःचे तेल या दोहोंची भर पडते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर लावावे, पण पापणीवर आणि डोळ्याखाली अगदी थोडे, बोटाला उरलेले तेवढेच. मग सनस्क्रीन लावावे. ज्यांच्या डोळ्यांत सनस्क्रीनमुळे चुरचुरते, त्यांनी डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन वापरावे, ते सहसा झोंबत नाही. यानंतर थेट मेकअपला न बसता दहा मिनिटे दुसरे काम करावे, मग ते डबा भरणे असो, केस विंचरणे असो की साडीच्या निऱ्या काढणे. त्या दहा मिनिटांत क्रीम मुरते. बसल्यावर टिश्यूचा एक पदर काढून तो मिटलेल्या पापणीवर हलकेच दाबावा. तो चोळू नये. टिश्यूवर तेलाचा डाग उमटला तर आणखी एकदा दाबावा.

आता कोरड्या पापणीवर चिमूटभर कॉम्पॅक्ट किंवा पारदर्शक पावडर फुगीर ब्रशने फिरवावी आणि डोळ्याखालीही, जेथे खालच्या पापणीचे केस गालाला टेकतात तेथे, तिचा हलका हात द्यावा. एवढ्याने पेन्सिल चार तास जास्त टिकते असा माझा स्वतःचा अनुभव आहे. आय प्रायमर नावाची वस्तू हेच काम अधिक चांगले करते, आणि ज्यांची पापणी फार तेलकट आहे त्यांनी ती पुढे जरूर घ्यावी. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात त्वचा ओढल्यासारखी होत असेल, तर मात्र पावडर कमी करावी, नाहीतर पापणीवरच्या बारीक रेषा उठून दिसतात.

डोळ्यांभोवतीची काळसर त्वचा आपल्याकडे अनेकींना उपजतच असते आणि ती दरवेळी जागरणाची खूण नसते. ती झाकायचीच असेल तर आधी काळसरपणा दबवणारा पीच किंवा नारिंगी छटेचा करेक्टर अगदी पातळ थोपटावा आणि त्यावर डाग झाकणारा, त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. नुसता फिकट कन्सीलर लावल्यास तो करडा दिसतो. मी स्वतः कामाच्या दिवशी हे करत नाही, आणि करायलाच हवे असे मानतही नाही.

भुवया

बारीक ब्रशने केस वर आणि बाहेरच्या बाजूला विंचरावेत, आणि जेथे विरळ असतील तेथेच, बहुधा शेपटीकडच्या भागात, पेन्सिलीने केसासारख्या तुटक रेघा काढून पुन्हा विंचरावे. केस काळेभोर असले तरी भुवयांना काळी पेन्सिल नको, गडद तपकिरी पुरे. नाकाकडचे टोक ठळक केल्यास चेहरा रागीट दिसतो, म्हणून तो भाग तसाच सोडावा. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. एखाद्या दिवशी बाकी काहीच जमले नाही, तरी एवढे करून निघावे.

एकच रंग

फुगीर ब्रश तपकिरी आयशॅडोवर एकदाच टेकवावा आणि डबीच्या कडेवर झटकून जास्तीची पावडर पाडावी. डोळा उघडा ठेवून सरळ पाहावे, आणि पापणी जेथे दुमडते त्या घडीत ब्रश बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या बाजूला आणि परत, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारखा, पाच-सहा वेळा फिरवावा. ब्रशवर उरलेला रंग सगळ्या पापणीवर फिरवला की झाले. आतल्या कोपऱ्यापर्यंत गडद रंग नेऊ नये. डोळे जवळजवळ असल्यासारखे दिसतात.

ज्यांची वरची त्वचा पापणीवर थोडी उतरलेली असते, आणि वयाच्या चाळिशीनंतर ती अनेकींची उतरते, त्यांची घडी डोळा उघडल्यावर दिसतच नाही. त्यांनी रंग घडीच्या किंचित वर, डोळा उघडा असताना दिसेल इतक्या उंचीवर लावावा. मिटलेल्या डोळ्यावर सुंदर दिसणारे काम उघड्या डोळ्यात लपून जात असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून प्रत्येक पायरीनंतर आरशात सरळ पाहण्याची सवय लावून घ्यावी.

केसांच्या मुळाशी रेघ

डोळा उठून दिसतो तो मुख्यतः पापणीच्या केसांच्या मुळाशी असलेल्या गडदपणामुळे. वरच्या पापणीला साधारण नव्वद ते दीडशे केस असतात, आणि त्यांच्या मधल्या फटींतून त्वचा दिसते. त्या फटी भरल्या की केस दाट असल्याचा भास होतो, आणि मेकअप केल्यासारखे मात्र वाटत नाही. ऑफिसला जाताना आपल्याला नेमके हेच हवे असते.

म्हणून ‘रेघ ओढणे’ हा विचारच मनातून काढून टाकावा. पेन्सिलीचे टोक केसांच्या मुळांशी टेकवून, जागच्या जागी इवलेसे हलवत, ठिपक्याला ठिपका जोडत पुढे जावे. सुरुवात बाहेरच्या कोपऱ्यापासून करावी आणि डोळ्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबावे. मध्यापासून आत फक्त टोकावर उरलेला रंग न्यावा. दोन्ही डोळ्यांवर ठिपके देऊन होताच, म्हणजे पेन्सिल बसण्याच्या आत, तिरक्या ब्रशने किंवा इअरबडने ती रेघ वरच्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटर पसरवावी. ठिपके वेडेवाकडे पडले असले तरी पसरवल्यावर ते एकसारखे होतात, आणि ही रीत नवशिक्यांसाठी निवडण्याचे कारणही हेच.

यानंतर तिरक्या ब्रशवर तीच तपकिरी आयशॅडो घेऊन रेघेवर दाबावी. पेन्सिलीतल्या तेलाला ही कोरडी पावडर धरून ठेवते. पाऊस असेल, दोन तासांचा प्रवास असेल किंवा उन्हात उभे राहायचे असेल, तर ही पायरी टाळू नये. ज्यांना पेन्सिलीचीच भीती वाटते त्यांनी पहिले काही दिवस पेन्सिल वगळून फक्त गडद आयशॅडो तिरक्या ब्रशने केसांच्या मुळाशी दाबावी. तीही रेघच आहे, फक्त अधिक मवाळ.

उन्हाळ्यात पेन्सिल मऊ होऊन टोक मोडते. लाकडी पेन्सिल टोक करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवली की ती मोडत नाही. फिरवून वर येणारी पेन्सिल दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नये.

डोळ्याबाहेर वर वळवलेले टोक काढायचे की नाही, असे भाचीने विचारले होते. कामाच्या दिवशी काढू नये असे माझे मत आहे, कारण दोन्ही बाजूंची टोके सारखी आणण्यात जे होते त्याचे वर्णन सुरुवातीलाच केले आहे. फारच हौस असेल तर रेघेचा बाहेरचा शेवट ब्रशने भुवईच्या शेपटीच्या दिशेने किंचित वर पसरवावा. टोकदार न करता धूसर ठेवल्यास दोन्ही बाजूंतला फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

कर्लर आणि मस्कारा

कर्लर वापरायचा तर तो मस्काऱ्याच्या आधीच. मस्कारा लावलेले केस रबराला चिकटतात आणि तुटतात. केस कर्लरमध्ये घेऊन, कातडी अडकली नाही याची खात्री करून, हळूच दाबावे, मनात दहापर्यंत मोजावे आणि पूर्ण उघडूनच बाजूला घ्यावे. दाबलेल्या स्थितीत हात हलवू नये.

मस्काऱ्याचा ब्रश नळीत वरखाली आपटत बाहेर काढण्याची सवय बहुतेकींना असते. त्याने नळीत हवा जाते आणि मस्कारा लवकर सुकतो, म्हणून ब्रश एकदाच फिरवून बाहेर काढावा आणि टोकावरचा जास्तीचा थर टिश्यूवर टिपावा. नजर खाली ठेवून ब्रश केसांच्या मुळाशी टेकवावा, तेथे डावीकडे-उजवीकडे दोनदा हलवावा आणि मग वर न्यावा. रंगाचा भर मुळाशी राहिला की केस दाट दिसतात, टोकाशी राहिला की ते वजनाने खाली झुकतात. एकच थर द्यावा. दमट हवेत खालच्या केसांना मस्कारा लावू नये, डोळ्यांखालचे बरेचसे काळे तेथूनच येते.

पापणीवर मस्काऱ्याचा ठिपका लागला तर ओला असताना त्याला हात लावू नये. मिनिटभराने तो सुकला की कोरड्या इअरबडने खरवडल्यासारखा निघून येतो, आणि खालची आयशॅडोही जागेवर राहते. सकाळच्या घाईत हे मिनिटभर थांबणेच सर्वांत कठीण जाते, म्हणून मस्कारा शेवटी लावावा आणि नंतर घड्याळ, बांगड्या, ओळखपत्र असे काही घालून मग पुन्हा आरशात पाहावे.

काजळ

मराठी घरात डोळ्यांचा मेकअप म्हणजे काजळ, असाच समज पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्याबद्दल मला आपुलकी आहे. माझी आजी निरांजनात एरंडेल घालून त्यावर तांब्याचे ताम्हण पालथे धरत असे, जमलेली काजळी तुपात खलून डबीत भरत असे, आणि घरातल्या सगळ्या मुलींच्या डोळ्यांत त्याच डबीतून, त्याच बोटाने काजळ घालत असे. ती माया होती. पण आज कोणी ती रीत विचारली तर मी ती सांगत नाही, कारण घरच्या काजळात जंतू वाढायला मोकळे रान असते आणि एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात. तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत तर काजळ घालूच नये असे डॉक्टर सांगतात. सुरम्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पारंपरिक सुरमा अनेकदा गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असतो, आणि शिसे शरीराला अत्यंत घातक आहे. शिसे व आर्सेनिकची संयुगे रंगासाठी वापरून सौंदर्यप्रसाधने बनवण्यास भारतात कायद्याने मनाई आहे. तरीही सुट्या पुड्यांमधून विकला जाणारा सुरमा कोणी तपासत नाही, म्हणून तो घेऊ नये.

आता काजळ कोठे लावायचे ते पाहू. आपण ते खालच्या पापणीच्या आतल्या ओलसर कडेवर लावतो. त्याच कडेवर, केसांच्या मुळांच्या आतल्या बाजूला, मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडे असतात. प्रत्येक पापणीत अशा वीस-तीस किंवा त्याहून अधिक ग्रंथी असतात, आणि त्यांच्यातून येणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरून ते वाळू देत नाही. रोज तेथे मेणाचा लेप बसला तर ही तोंडे बुजू शकतात, डोळे कोरडे पडतात, रांजणवाडी होऊ शकते. शिवाय आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिचकावतो, त्यामुळे ओल्या कडेवरचे काजळ तेथे राहतच नाही. काही डोळ्यांत जाते आणि उरलेले गालावर उतरते.

म्हणून रोजच्यासाठी काजळ केसांच्या बाहेरच्या बाजूला लावावे असे मी सुचवते. खालच्या पापणीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात केसांच्या मुळाशी चार-पाच ठिपके द्यावेत, ते ब्रशने पसरवावेत आणि वरून तपकिरी आयशॅडोचा हात द्यावा. वर्षानुवर्षे काजळ घालणाऱ्यांना पहिले दोन दिवस डोळे रिकामे वाटतात, मलाही वाटले होते. आतल्या कडेवरचे काजळ सणावारी, हळदीकुंकवाला, लग्नकार्याला जरूर घालावे आणि रात्री आठवणीने काढावे.

चष्मा, लेन्स आणि इतर

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हात धुऊन लेन्स आधी घालाव्यात आणि मेकअप नंतर करावा. रात्री उलटे, म्हणजे लेन्स आधी काढाव्यात आणि मेकअप नंतर. आयशॅडोची पावडर लेन्सखाली गेली तर दिवसभर टोचत राहते.

चष्म्याचा नंबर उणे असेल तर काचेमागे डोळे लहान दिसतात, म्हणून वरची रेघ बारीक ठेवून मस्काऱ्यावर भर द्यावा. नंबर अधिकचा, म्हणजे प्लस, असेल तर डोळे मोठे दिसतात आणि चुकाही मोठ्या दिसतात, तेथे रंग नीट पसरवण्याकडे लक्ष द्यावे. जवळचे दिसत नाही अशांनी पाच पट मोठे दाखवणारा आरसा घ्यावा. केस काचेला लागत असतील तर कर्लर करताना ते किंचितच वळवावेत.

लोकलच्या महिला डब्यात, ठाण्याहून गाडी सुटताच पिशव्यांमधून आरसे निघतात, हे दृश्य मी अनेक वर्षे रोज पाहते आहे आणि त्या घाईमागचे घर मला कळते. लिपस्टिक, टिकली, पावडर गाडीत खुशाल करावी. पण धावत्या गाडीत पेन्सिल, मस्कारा किंवा कर्लर डोळ्याजवळ नेऊ नये, हे मी कळकळीने सांगते. एका हिसक्यात बुबुळावर ओरखडा उठू शकतो. घरी वेळ मिळाला नाही तर ऑफिसला पोहोचल्यावर दोन मिनिटांत फक्त मस्कारा लावावा, किंवा त्या दिवशी डोळे तसेच राहू द्यावेत.

दिवसभरात काळे उतरलेच तर चोळू नये. इअरबडवर किंचित मॉइश्चरायझर घेऊन तेवढाच डाग उचलावा आणि त्यावर पावडर थोपटावी. पर्समध्ये एवढ्यासाठी दोन इअरबड ठेवले तरी पुरतात.

रात्री काढणे, आणि कधी टाकून देणे

मेकअप ठेवून झोपू नये. मायसेलर वॉटरने (मेकअप सोडवणाऱ्या पाण्यासारख्या द्रावणाने) किंवा मेकअप रिमूव्हरने भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर वीस सेकंद नुसता ठेवावा, म्हणजे रंग सुटतो, आणि मग खालच्या दिशेने अलगद पुसावा. वॉटरप्रूफ मस्काऱ्याला तेलयुक्त रिमूव्हर लागतो. खोबरेल तेलाचे दोन थेंबही काम करतात, पण ते डोळ्यांत गेल्यास धूसर दिसते आणि मागाहून फेसवॉशने ते पूर्ण धुवावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पापणी तेलकट राहून सगळा खटाटोप वाया जातो. म्हणूनच रोजच्यासाठी मी वॉटरप्रूफ मस्कारा वापरत नाही. कोमट पाण्याने केसांवरून नळीसारखा सुटून येणारा ट्युबिंग मस्कारा दमट हवेत टिकतो आणि काढायलाही सोपा जातो.

मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यावा, उरला असला तरीही. ओलसर, बंद नळी जंतूंना सोयीची असते. सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी घालून तो ‘वाचवण्याची’ काटकसर डोळ्यांना महागात पडते. डबीवर उघड्या बरणीच्या चित्रात ६ किंवा १२ असा आकडा आणि त्यापुढे इंग्रजी एम छापलेला असतो. वस्तू उघडल्यावर ती किती महिने वापरावी याचा तो आकडा आहे, म्हणून उघडल्याची तारीख लहान चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुऊन आडवे वाळत घालावेत. रविवारी दुपारी धुतले की सोमवारी पहाटेपर्यंत वाळतात.

मस्कारा आणि पेन्सिल बहिणीलाही देऊ नये. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा या एका नियमाचे मोल अनेक घरांना कळले. डोळे आले असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत मेकअप बंद ठेवावा आणि त्या काळात वापरलेला मस्कारा व पेन्सिल फेकून द्यावी.

सराव

नवी पायरी सकाळी शिकू नये. संध्याकाळी घरी आल्यावर, चेहरा धुण्यापूर्वी, पाच मिनिटे सराव करावा. चुकले तरी लगेच धुवायचेच असते, त्यामुळे मनावर ताण राहत नाही. भाचीला मी पहिल्या आठवड्यात फक्त भुवया आणि मस्कारा करून निघायला सांगितले. दुसऱ्या आठवड्यात टिश्यू-पावडर आणि एक रंग आला, तिसऱ्यात पेन्सिलीचे ठिपके. ज्या डोळ्यावर हात कमी चालतो, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बहुधा डावा, तो डोळा आधी करावा आणि सोपा डोळा नंतर त्याच्याशी जुळवून घ्यावा. आरशासमोर बसताना घड्याळ समोर ठेवावे, आणि निघायच्या तीन मिनिटे आधी हातातले जे काही असेल ते तसेच ठेवून पेन्सिलींची टोपणे लावावीत.